चासी घेतली, बॉडी बांधली आणि कॅम्पर लादून युटाला गेलो

आमच्या अण्णांनी कराडात पंचवीस वर्षं ट्रक चालवला. सीझनला ऊस, बाकीचे दिवस कुंभार्ली उतरून चिपळूणकडे जे मिळेल ते भाडं. मागच्या वर्षी ते सहा महिन्यांसाठी आमच्याकडे ऑरोराला (डेन्व्हरला चिकटूनच आहे) आले तेव्हा दारात माझी नवी म्हणजे सेकंडहँड गाडी उभी होती. पुढे चार दारांची पांढरी केबिन आणि मागे काहीच नाही, नुसते दोन लोखंडी गर्डर, डिझेलची टाकी आणि जोड टायर. शेजारचे महिनाभर विचारत होते की ट्रकला अपघात झाला का. अण्णांनी एक चक्कर मारली, खाली वाकून पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) मोजले आणि म्हणाले, "चासी चांगलीय. बॉडी कुठं बांधणार?"

अमेरिकेत एवढा बरोबर प्रश्न मला दुसऱ्या कुणीच विचारला नव्हता.

आता मुळात हे सगळं कशासाठी ते सांगतो. इथे स्लाइड-इन कॅम्पर नावाचा प्रकार असतो, म्हणजे पिकअपच्या हौद्यात बसवायची एक खोली. आत शेगडी, फ्रीज, संडास-बाथरूम, आणि झोपायचा पलंग ड्रायव्हरच्या टपावर. चार कोपऱ्यांना चार जॅक असतात, त्यांच्यावर खोली उचलायची, खालून ट्रक काढून घ्यायचा की ट्रक मोकळा. आम्ही असा एक घेतला आणि आमच्या जुन्या एक टनी पिकअपवर चढवला (एक टनी हे नुसतं नाव, उचलते त्याच्यापेक्षा जास्त). कॅम्परच्या माहितीपत्रकात वजन होतं ३,९०० पाउंड, आणि पिकअपच्या दारावरच्या स्टिकरप्रमाणे ती ३,७०० उचलणार. दोनशेच तर जास्त, चालतंय की, असं मीच बायकोला पटवलं होतं. इंजिनिअर माणूस मी, लाज वाटते सांगायला.

ते ३,९०० म्हणजे सुकं वजन हो. त्यात एसी नाही, दुसरी बॅटरी नाही, गॅस नाही, भांडीकुंडी नाही, आणि पाणी तर नाहीच. गॅलनभर पाण्याचं वजन ८.३४ पाउंड, आमची टाकी ५० गॅलनची, म्हणजे नुसतं पाणीच ४१७ पाउंड, एकशेनव्वद किलो! पहिल्या ट्रिपला हायवेवर शेजारून कंटेनर गेला की गाडी अशी डुलायची की बायको वरचं हँडल सोडायचीच नाही. शेवटी ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केलवर नेली. कॅट स्केल म्हणजे आपला वजनकाटाच, फक्त प्लॅटफॉर्म वेगवेगळे असल्याने पुढचा आणि मागचा ॲक्सल वेगळा मोजून मिळतो. मागचा ॲक्सल आला ७,८६०. मर्यादा ७,०००. मागचे दोन टायर मिळून ७,२८० पर्यंतचे. म्हणजे टायर तेवढे कुरकुर न करता मरायला टेकले होते.

लोक अशा वेळी मागच्या स्प्रिंगला एअरबॅग (हवेच्या फुगणाऱ्या उश्या) लावतात, जाड स्वे बार (गाडीचं डुलणं रोखणारा दांडा) लावतात, पाट्यांमध्ये ठोकळे घालतात. त्याने डुलणं कमी होतं हे खरं, पण ॲक्सल तोच आणि टायरही तेच, स्टिकरवरचा आकडा वाढत नाही. हे कळायला मला साताठशे डॉलर लागले.

मग उलटीकडून हिशोब केला, जो पहिल्यांदाच करायला पाहिजे होता. कॅम्पर प्रवासाला निघतो तसा पूर्ण भरून मोजला, आला ५,३८०. एवढं वजन आरामात घेऊन जाणारी गाडी म्हणजे फोर्डची एफ-५५० चासी कॅब (म्हणजे केबिन आणि मागे नुसती चासी, दारात उभी होती तीच), २०१७ चं मॉडेल, ६.७ लिटरचं डिझेल, चारही चाकांना ड्राइव्ह. सगळं मिळून १९,५०० पाउंड चालतं, मागे साडेएकोणीस इंची चाकांवर चार टायर, जोडीत लावल्यावर एकेकाला ३,७५०, म्हणजे नुसत्या मागच्या टायरांची ताकद १५,०००. आणि २६,००० च्या आत असल्याने ट्रकचं लायसन्स वेगळं लागत नाही. केबिनच्या पाठीपासून मागच्या ॲक्सलच्या मध्यापर्यंत ६० इंच असलेलीच शोधली, कारण कॅम्परचा गुरुत्वमध्य मागच्या ॲक्सलच्या थोडा पुढे पडला पाहिजे. मागे पडला तर पुढची चाकं हलकी होतात, मग स्टिअरिंग देवाच्या हातात.

बॉडी बांधली डेन्व्हरच्या उत्तरेला एका वेल्डिंगवाल्याकडे. साधा सपाट फ्लॅटबेड केला असता तर टायरला जागा सोडायला तो उंच घ्यावा लागला असता आणि वरची खोली आणखी वर गेली असती. म्हणून मध्ये खोल आणि बाजूला टायरवर उंचवटे असा हौदा केला, कॅम्परचा खालचा भाग त्या मधल्या जागेत बसतो, आणि बाजूच्या रिकाम्या जागेत पेट्या. फाळका नाहीच. अण्णा रोज माझ्याबरोबर यायचे. त्यांना इंग्रजी येत नाही, वेल्डिंगवाल्याला मराठीचा संबंध नाही, पण एक दिवस अण्णा चासीवर हात आपटून मला म्हणाले, "ह्याला सांग, लोखंडावर लोखंड ठेवू नको, मधी लाकूड घाल," आणि मी भाषांतर करेपर्यंत तो बाबा आतून ओकच्या पट्ट्या घेऊन आला. वेल्डिंग चासीला कुठेच नाही, सगळं यू-बोल्टवर. त्यानंतर दोघांचं माझ्यावाचून चालायला लागलं.

चढवताना पहिल्याच दिवशी मी माती खाल्ली. जोड टायरमुळे मागून गाडी रुंद, म्हणून पुढचे दोन जॅक बाहेर ओढून घ्यायचे असतात. डावा ओढला, उजवा विसरलो. नव्या कोऱ्या पेटीला पोचा. अण्णा एका शब्दाने बोलले नाहीत, ते जास्त लागलं.

सप्टेंबरच्या शेवटी निघालो. निघताना काट्यावर पुन्हा मोजली, सगळं धरून १५,५६०, म्हणजे सात टन आणि वर थोडी. अण्णांनी पावती घडी करून खिशात ठेवली, कारखान्यावरची ठेवायचे तशी. मायलेज गॅलनला साधारण साडेदहा मैल, लिटरला साडेचार किलोमीटर, त्यावर काही बोलण्यासारखं नाही.

गनिसन, माँट्रोज करत यूरेला मुक्काम आणि सकाळी यूएस ५५० ने सिल्व्हरटन (एफ-५५० ला ५५० नंबरचा रस्ता, असले विनोद मी एकटाच करतो). ह्यालाच मिलियन डॉलर हायवे म्हणतात. दक्षिणेकडे जाताना आपण दरीच्या बाजूला, आणि कठडा बऱ्याच ठिकाणी नाहीच, हिवाळ्यात बर्फ ढकलायला कडा मोकळी लागते म्हणे. रेड माउंटन पास ११,०१८ फूट. ॲस्पेन पिवळेजर्द झाले होते, पण मी पाहिले ते नंतर बायकोच्या फोटोत. उतारावर टो-हॉल (ओझं असताना गिअर खालचा धरून ठेवणारा मोड) आणि एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनचा धूर अडवून वेग रोखणारा) लावला, गाडी स्वतःच गुरगुरत वेग धरून राहिली, ब्रेकला पाय जेमतेम लागला. अण्णा कान लावून ऐकत होते. "ज्या गिअरात चढलास त्याच गिअरात उतर," एवढंच म्हणाले. ऑटोमॅटिक आहे अण्णा, म्हटलं. "असू दे की."

ड्युरँगो, कॉर्टेझ, मग युटातलं ब्लफ हे भरभर उरकलं. व्हॅली ऑफ द गॉड्सला १७ मैलांचा कच्चा रस्ता आहे, कोरडा असेल तर जाता येतं, सरकारी जमीन, मुक्काम फुकट. तांबड्या सुळक्यांखाली गाडी लावली, अण्णांनी कॅम्परला बांधलेल्या चारही साखळ्या हाताने वाजवून बघितल्या आणि मग पिठलं-भात. जुन्या गाडीत असं जेवण मी कधी केलं नव्हतं, दिवसभराची भीती उतरायलाच रात्र व्हायची.

तिथून वर जायला मोकी डगवे. तीन मैल कच्चा नागमोडी घाट, ११ टक्के चढ, आणि खाली पाटी, १०,००० पाउंडांच्या वरच्या गाड्यांनी जाऊ नये. अण्णांना जायचं होतं. मी नाही म्हटलं. एवढा आकड्यांचा खटाटोप करून घेतल्यावर आता पाटी वाचायची नाही का? शंभराच्या वर मैलांचा वळसा घालून ब्लँडिंगवरून वरच्या टोकाला गेलो.

वरून तो रस्ता दोरी टाकल्यासारखा दिसतो. तो टुरिस्टांसाठी नाही बांधलेला. १९५८ साली टेक्सास झिंक नावाच्या खाण कंपनीने युरेनियमची खनिजमाती खालच्या कारखान्यात न्यायला केला. खाणीचं नाव हॅपी जॅक, आणि आमच्या कॅम्परचे जॅकही हॅपीजॅक कंपनीचेच, ह्यावर मी हसलो, अण्णा नाही. ते कड्याच्या काठाशी बसून एकेक वळण बोटाने मोजत होते.

"म्हणजे भरलेली गाडी वरनं खाली?"

हो, म्हटलं.

"अठ्ठावन साली?" बराच वेळ गप्प राहिले. मग मान हलवत म्हणाले, "कुठल्या गिअरात उतरत असतील रं?"