बदलाचा भुर्दंड कोणावर?

बुधवार, रात्री उशिरा

पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतली जुनी स्क्रिप्ट तिच्या ३.१२ आवृत्तीवर चालवली आणि ती पहिल्याच इम्पोर्टला, म्हणजे दुसरीकडचा कोड आत घेणाऱ्या ओळीला, आडवी झाली. 'डिस्टयुटिल्स' हे पायथनसोबतच येणारं, पॅकेजं बांधायचं मॉड्यूल सापडत नाही म्हणे. सापडणार कुठून? २०२३च्या या आवृत्तीतून ते काढूनच टाकलंय. ३.१० पासून 'हे जाणार आहे' अशी सूचना येत होती, पण टर्मिनलवरच्या तसल्या ओळी वाचतं कोण! त्याची जागा घेणारं सेटअपटूल्स टाकलं, काम भागलं. चिडचिड मात्र उरली.

ओपन सोर्समध्ये, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेल्या सॉफ्टवेअरमध्ये, स्थैर्य हवं की बदल, हा वादच मला हल्ली चुकीचा वाटतो. बदल होणारच. त्याचा भुर्दंड कोणी सोसायचा, एवढंच ठरवायचं असतं.

लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, दर नऊ-दहा आठवड्यांनी नवी आवृत्ती येते आणि आतलं काहीच कायमचं नसतं. पण एखाद्या अंतर्गत फंक्शनचं एक आर्ग्युमेंट (त्याला पुरवायची माहिती) जरी बदललं, तरी कर्नलच्या कोडमध्ये ते जिथे जिथे वापरलंय तिथल्या दुरुस्त्या बदलणाऱ्यानेच करायच्या, मग फाइली कितीही असोत. बाहेरच्या प्रोग्रॅमला जे दिसतं ते मात्र मोडायचं नाही. मोडलं तर कारण कितीही रास्त असो, लिनक्सचे कर्ते लिनस टोरवाल्ड्स ऐकून घेत नाहीत. (ज्यांचे ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारा कोड) कर्नलबाहेर आहेत त्यांची फरफट होते. तीही ठरवूनच.)

पायथनने उलट केलं, भुर्दंड भाषा वापरणाऱ्यांवर टाकला. ३.० आलं डिसेंबर २००८ मध्ये, २ ची देखभाल थांबली १ जानेवारी २०२० ला. मधली अकरा वर्षं प्रिंट या आज्ञेला ३ मध्ये लागणारे कंस घालण्यात गेली असं थट्टेने म्हणतात, पण कंस आपोआप घालून देणारं हत्यार होतं. कुठली स्ट्रिंग म्हणजे मजकूर आणि कुठली म्हणजे नुसते बाइट्स, हे ते हत्यार सांगू शकत नव्हतं; ज्याचा कोड त्यानेच डोकं घालून ठरवायचं. तरी तो बदल मला पटतो. यूटीएफ-८ (अक्षरं बाइट्समध्ये साठवायची पद्धत) फाइलमध्ये साध्या अवतरणचिन्हांतल्या 'मराठी'ची लांबी पायथन २ मध्ये १५ (बाइट्स) यायची, ३ मध्ये ५ (चिन्हं) येते.

एस्क्यूएलाइट या डेटाबेसवाले तो २०५० पर्यंत सांभाळू म्हणतात, पण त्यांच्यामागे पैसे देणाऱ्या कंपन्यांचा गट आहे. नोकरी सांभाळून फुकटात कोडची लायब्ररी चालवणाऱ्याकडे तीच हमी मागायला माझी जीभ रेटत नाही. काय मोडलं ते निदान चेंजलॉगमध्ये (बदलांच्या नोंदीत) लिहावं, एवढीच अपेक्षा. तेही 'किरकोळ सुधारणा' म्हणून उरकणारे आहेतच.