याहून सोपं होत नाही

शाळेत अपूर्णांकाला ‘अतिसंक्षिप्त रूप’ द्या म्हणायचे. वर-खाली एकाच संख्येने भाग देत जायचं, भाग जायचा थांबला की उत्तर. २४/३६ चे निमूट २/३ होतात. पण ३५५/११३ घ्या. दोन्ही मजल्यांवर तीन-तीन आकडे, किंमत ‘पाय’च्या (π) अगदी जवळ, आणि हा ऐवजही अतिसंक्षिप्तच! आता याहून काटछाट होत नाही, एवढंच तो शब्द सांगतो. छोटं किंवा सोपं असल्याची हमी देत नाही. हे गणिताच्या बाईंनी तेव्हा सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

या बाबतीत आम्हा नाशिककरांचा हक्काचा माणूस म्हणजे देवळालीच्या शाळेत शिकवणारे द. रा. कापरेकर. ६१७४ या ‘कापरेकर स्थिरांका’मुळे त्यांचं नाव जगभर गेलं, मला मात्र त्यांच्या स्वयंभू संख्या जास्त आवडतात. कुठलीही संख्या घ्या आणि तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा. १५ अधिक १ अधिक ५, झाले २१. म्हणजे २१ चा जनक १५. पण २० चा जनक शोधून सापडत नाही. ३१, ४२, ५३ यांचंही तेच. असा जनक नसलेली ती स्वयंभू. त्र्यंबकला स्वयंभू ज्योतिर्लिंग, देवळालीला स्वयंभू संख्या. जिल्ह्याची सोय चांगली आहे.

खरी गंमत पुढेच. हेच २० गुणाकाराच्या रीतीने फोडले तर २×२×५ असे लगेच सुटे होतात. १३ चं नेमकं उलट. ती मूळ संख्या, फुटायचं नाव नाही. पण कापरेकरांच्या रीतीने बघावं तर ११ मधून सहज निघते. म्हणून कुणी ठासून ‘हे याहून सोपं होणारच नाही’ म्हणालं की मला विचारावंसं वाटतं, कुठल्या रीतीने?

नात्यांपुढे मात्र सगळ्या रीती थकतात. पंचवटीतल्या लग्नात “हे कोण गं?” विचारलं की आत्या सांगते, “माझ्या नणंदेच्या जावयाचे चुलते.” यातला एक शब्द गाळून बघा, समोरचा माणूसच बदलतो. काकांना एवढा वेळ नसतो. ते “पाहुणे आहेत” म्हणून मोकळे होतात. पाहुण्यांचीही तक्रार नसते, कारण तोवर पंगतीत जिलबी आलेली असते.