तुम्ही विचारलंत म्हणून: पणजीचं नाव जनगणनेत सापडेल का?

निवृत्त झाल्यापासून मी माहेरच्या घराण्याचे जुने कागद हुडकत फिरते, हे एव्हाना सगळ्या गोतावळ्यात पसरलंय. लग्नाच्या पंगतीत असो, नाहीतर गंगेवर कुणाच्या दहाव्याला (आम्ही नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो), कुणीतरी जवळ सरकून विचारतंच, "ताई, इंग्रजांच्या काळच्या जनगणनेत आमच्या पणजोबा-पणजीचं नाव निघेल का हो?"

प्रश्न येतो कुठून ते मला ठाऊक आहे. माझी भाची अमेरिकेत असते. तिथे 72 वर्षं उलटली की जनगणनेची घराघरांची पानं खुली करतात. 1950 सालची पानं 1 एप्रिल 2022 ला खुली झाली आणि भाचीच्या शेजारणीला आपली आई सहा वर्षांची असताना कोणत्या रस्त्यावर, कोणाकोणासोबत राहत होती ते घरबसल्या दिसलं. इंग्लंडात शंभर वर्षं थांबतात. त्यांची 1921 ची जनगणना त्याच वर्षी जानेवारीत उघडली. भाचीचा लगेच फोन, "आत्या, आपलंही बघ ना!"

तर उत्तर आधीच सांगून टाकते. नाही निघणार. आपल्याकडे ती पानं उरलेलीच नाहीत.

मोजलं मात्र सगळ्यांना होतं. 17 फेब्रुवारी 1881 ला देशभर एकाच वेळी शिरगणती झाली आणि तेव्हापासून 2011 पर्यंत दर दहा वर्षांनी होत गेली. 1901 ची 1 मार्चच्या रात्री. कुटुंबातल्या प्रत्येकाचं नाव, धर्म, वय, लग्न झालंय की नाही, जात, धंदा, जन्मठिकाण, भाषा, लिहिता-वाचता येतं का, असे रकाने होते. बाईचं नाव सांगायला घरच्यांची हरकत असेल तर नुसतं 'स्त्री' लिहायची मुभा होती. मग माणसागणिक एक चिठ्ठी करायची, धर्माप्रमाणे चिठ्ठीच्या कागदाचा रंग वेगळा, आणि चिठ्ठ्यांचे गठ्ठे लावून आकडे काढायचे. आकड्यांचे तक्ते छापले की चिठ्ठ्या आणि मूळ पानं रद्दी. सरकारला बेरीज हवी होती, माणसं नको होती. आजही 1948 च्या जनगणना कायद्याचं 15 वं कलम सांगतं की ही नोंद कुणाला पाहता येणार नाही, कोर्टात पुरावा म्हणूनही चालणार नाही. म्हणजे 2027 च्या मोजणीत तुम्ही जे सांगाल, ते हा कायदा आहे तोवर तुमच्या पणतवंडांनाही दिसायचं नाही.

मग मी शोधलं काय? त्यासाठी आमच्या देवघरातला एक टाक सांगायला हवा.

निफाड तालुक्यातलं आमचं घर. देवांच्या ओळीत खंडोबाशेजारी अंगठ्याएवढा एक चांदीचा टाक असायचा. त्यावर उभी बाई, घासून घासून नाक-डोळे सपाट झालेले. भाद्रपद वद्य नवमीला, म्हणजे नवऱ्याआधी गेलेल्या बायकांच्या अविधवा नवमीला, आजी तो रांगोळीने घासायची आणि एका सवाष्णीला जेवू घालायची. नवमी कुणाची, असं विचारलं तर म्हणायची, "आपल्या घरातली सवाष्ण." टाक कुणाचा? "सासूबाईंच्या गळ्यात असायचा." आम्ही समजलो, दागिना असेल. बिजवराला दिलेली मुलगी त्याच्या वारलेल्या पहिल्या बायकोचा टाक गळ्यात घालायची, त्याला सवतीचा टाक म्हणतात, हे मला कळलं तेव्हा आजीला जाऊन कित्येक वर्षं झाली होती. विचारायचं माणूसच गेलं.

म्हणून पहिल्यांदा रामकुंडावर गेले. पंचवटीतल्या तीर्थोपाध्यायांकडे यजमानांच्या वह्या असतात, आडनाव आणि गाव सांगितलं की योग्य घरी धाडतात. मला तीन घरं फिरावी लागली. पहिल्याच ठिकाणी घोटाळा झाला, मी सवयीने सासरचं आडनाव सांगितलं. वही मुलांच्या वंशाने चालते, लेकी त्यात असल्या तर बापाच्या नोंदीत, नाहीतर नवऱ्याच्या. शेवटी ज्या गुरुजींकडे आमचं गाव निघालं, त्यांनी लाल फडक्यातली लांबट वही मांडीवर घेतली आणि मागून पुढे चाळायला लागले. 1978 ची आजीच्या अस्थींची नोंद, वडिलांच्या बॉलपेनच्या अक्षरात. त्याआधी आजोबा. त्याआधी शके 1829, म्हणजे 78 मिळवून 1907 साल. पणजोबा त्यांच्या वडिलांच्या अस्थी घेऊन आलेले. लिहिणारं अक्षर गुरुजींच्या पणजोबांचं, कारण आमच्या पणजोबांना लिहिता येत नव्हतं. सहीच्या जागी छोटासा नांगर काढलेला आणि बाजूला 'निशाणी नांगर'. वर मजकूर: वडील अमुक, आई अमुक, पुत्र एक. आणि मधे, 'प्रथम स्त्री भागीरथी मयत, द्वितीय स्त्री' करून माझ्या खऱ्या पणजीचं नाव.

गुरुजींनी ते अगदी सहज वाचलं. मी त्यांना पुन्हा वाचायला लावलं.

नाव मिळालं, बाई नाही मिळाली. त्यासाठी कोतवाल बुक. गावात कुणी जन्मलं, कुणी मेलं की कोतवाल कळवायचा आणि जन्ममृत्यूच्या नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना 14 मध्ये ते लिहिलं जायचं. 2023 पासून कुणबी नोंदींच्या शोधामुळे ही बुकं सगळ्यांना ठाऊक झाली आहेत आणि मोडी वाचणाऱ्यांना सुगीचे दिवस आले आहेत. मला एका कचेरीत आधी सांगण्यात आलं की आमच्या गावचा गठ्ठा वाळवीने खाल्ला. चार महिन्यांनी तोच गठ्ठा शेजारच्या गावाच्या बासनात सुखरूप निघाला. तेव्हा पहिल्या नकाराला 'नाही' समजू नका, 'आज नाही' समजा.

मोडी मी पन्नाशीनंतर शिकले. आधी ओळभर रेघ ओढून घ्यायची आणि मग हात न उचलता तिच्याखाली अक्षरं लोंबकळत ठेवायची, असा तो प्रकार. ऱ्हस्व-दीर्घाची कटकट नाही हे एक सुख, पण मृत्यूच्या रकान्यांत कारकुनाचा हात फार घाईत असतो. ताप, पटकी, हगवण, देवी, ओळीमागून ओळी. बापाचं नाव नीट, मुलाचं नाहीच, नुसतं 'मुलगा' किंवा 'मुलगी'. दोन उन्हाळे मी या ओळी वाचत होते.

1899 च्या पावसाळ्यात ती सापडली. 'भागी कोम' आणि पुढे पणजोबांचं नाव. कोम म्हणजे अमक्याची बायको. वय 22. कारण: गाठीचा ताप, म्हणजे प्लेग. चारच दिवसांनी खाली, 'मुलगी, वय 3', बापाचं नाव तेच, आणि कारणाच्या रकान्यात 'सदर'.

घरी येऊन मी ही नक्कल वहिनीला वाचून दाखवली. तिने विचारलं, "सदर हे तिचं नाव का हो?" म्हटलं, अगं नाही, सदर म्हणजे वरीलप्रमाणे. आईचा आजार तोच लेकीचा, कारकुनाने पुन्हा लिहिला नाही एवढंच. वहिनी काही बोलली नाही.

त्यानंतर मी पुन्हा जनगणनेकडे वळले. 1891 मध्ये नाशिक जिल्ह्यात सुमारे 8 लाख 43 हजार माणसं होती, 1901 मध्ये 8 लाख 16 हजार. दहा वर्षांत वाढायची ती 3 टक्क्यांनी घटली. 1896-97 चा दुष्काळ, लगेच 1899-1900 चा, आणि 1896 मध्ये मुंबईत शिरलेला प्लेग तिथून गावोगाव पोचलेला. 1899 मध्येच भगूरला सावरकरांचे वडील प्लेगने गेले, हे आपण शाळेपासून वाचतो. हा तक्ता मी पूर्वीही पाहिला होता आणि कोरड्या डोळ्यांनी पान उलटलं होतं. आता कळलं की 1901 ची पानं जपून ठेवली असती, माझ्यापुढे आणून टाकली असती, तरी भागीरथी त्यांत नसती. ती आणि तिची लेक मोजणी व्हायच्या दीड वर्ष आधी गेल्या होत्या. जनगणनेत त्यांची नोंद आहे ती फक्त त्या घटीत. 1891 ला ती चौदाएक वर्षांची असेल आणि कुठल्यातरी दारात, माहेरी की सासरी कोण जाणे, कुणीतरी तिला मोजलं असेल. कदाचित नुसतं 'स्त्री' म्हणून.

बाकीच्या कागदांबद्दल थोडक्यात. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये आजोबांची जन्मतारीख 1 जून 1905 आहे. ती खरी मानू नका, मास्तरांनी अर्ध्या महाराष्ट्राला 1 जूनलाच जन्माला घातलंय. वारसाच्या फेरफारात मुलगे आणि विधवा सापडतात, लेकी जुन्या काळात क्वचित. जमीन नसेल तर महसुलाचं दफ्तर मुकंच असतं, आणि उपाध्यायांची वही तरी सगळ्यांची कुठे होती? 1930 साली दलितांना काळाराम मंदिराच्या दारात सत्याग्रह करावा लागला त्याच पंचवटीत या वह्या आहेत. तेव्हा माझं नशीब म्हणून मला दोन्ही कागद मिळाले, सगळ्यांना मिळतील असं मी कुणाला सांगत नाही. आणि घरात ऐंशीच्या पुढची एखादी आजी असेल तर हे सगळं ठेवून आधी तिच्याजवळ जाऊन बसा. नवमी कुणाची, एवढं विचारा. मी ते नेटाने विचारलं नाही.

यंदा नवमीला दादाकडे गेले होते. टाक आता त्याच्याच देवघरात असतो. सवाष्णीचं पान वाढलं, दादाने हातावर पाणी घेऊन संकल्पात पहिल्यांदाच नाव घेतलं, भागीरथी. तेवढ्यात वहिनीने आतून केळीच्या पानाचा वीतभर तुकडा आणून त्या पानाला लावून मांडला. त्यावर वरणभात, तूप, चमचाभर खीर. भाजी नाही, तिखट काही नाही.

दादाने विचारलं, "हे कुणाचं?"

"सदरचं," वहिनी म्हणाली, आणि पाणी आणायला आत गेली.