गुजरी महालात वाद्यं शोधताना

ग्वाल्हेरला पाहुणा आला की आम्ही लश्करवाले, म्हणजे शहराच्या लश्कर भागातले लोक, त्याला गाडीत घालतो आणि उरवाई गेटनं वर किल्ल्यावर नेतो. मानमंदिर, सास-बहू, तेली का मंदिर, ऊन कलायला लागलं की खाली. या रस्त्यानं गेलं की गुजरी महाल, म्हणजे जुन्या राजवाड्यातलं संग्रहालय, वाटेत लागतच नाही. तो किल्ल्याच्या दुसऱ्या अंगाला आहे, हजीरा वस्तीकडच्या पायथ्याशी, ग्वाल्हेर दरवाजातून आत शिरल्यावर. त्यामुळे उभा जन्म इथं काढलेली कितीतरी माणसं शाळेच्या सहलीनंतर तिकडे फिरकलेली नाहीत. मी त्यातलाच. तबल्याच्या शिकवण्या सोडून संग्रहालयात जायला कुणाला सवड आहे!

जावं लागलं भाचीमुळे. ती पुण्यात संगीतात एम. ए. करते आणि प्रबंधिकेला विषय घेऊन बसली, 'शिल्पांतली वाद्यं'. तिला हवी होती पवाया या गावी सापडलेली, नाचाचा देखावा कोरलेली शिळा. फोनवर म्हणाली, "मामा, पुस्तकांत फोटो आहेत, पण सगळे इवलेसे आणि काळपट. कुणाच्या हातात काय आहे तेच कळत नाही. तू जाऊन नीट फोटो काढून पाठव ना." मी म्हटलं, "मला फोटोतलं काय कळतंय, तूच ये." ती खरंच आली.

तुम्हाला असंच एखादं काम असेल तर तयारीचं आधी सांगतो. सोमवारी तिथं सुट्टी असते, तो दिवस सोडा. नुसतं बघायचं असेल तर तिकीट काढलं की झालं. पण एका दगडासमोर दोन-दोन तास बसायचं, चित्र काढायचं, शेजारी मापाची पट्टी धरून फोटो घ्यायचे, तर आधी लेखी विचारलेलं बरं. भाचीनं विभागप्रमुखांचं पत्र आणलं होतं. मी त्याला हिंदीत एक साधा अर्ज जोडला: कोणती शिळा, किती वेळ, कशासाठी, फ्लॅश वापरणार नाही, शिळेला हात लावणार नाही. 'वाद्यांचा अभ्यास' असं मोघम लिहिण्याऐवजी नेमकी शिळा लिहिली, त्याचा फायदा झाला. अर्ज वाचणाऱ्या गृहस्थांनी मान वर करून विचारलं, "पवायावाली? चलिए, दिखा देते हैं।" पाठोपाठ एक कर्मचारी आमच्याबरोबर निघाला. पुढे सावलीचा प्रश्न सोडवला तो त्यानंच, ते येईलच.

आत गेल्यावर पहिल्यांदा गोंधळायला होतं. मधे चौक, भोवती खोल्याच खोल्या, आणि प्रत्येक खोलीत विष्णू, मातृका, तीर्थंकर, सप्तमातृका, पुन्हा विष्णू. चौथ्या खोलीत डोळे थकतात. भाची तशीच भराभर पुढे निघाली होती. मी मात्र पाट्या वाचत मागे राहिलो आणि मला एक नाद लागला: मूर्तीचं नाव सोडायचं, गावाचं नाव वाचायचं. बेसनगर. ग्यारसपूर. बडोह. सुहानिया. पढावली. उज्जैन. मंदसोर. पाचदहा पाट्यांनंतर लक्षात येतं की हा जुन्या ग्वाल्हेर संस्थानाचा नकाशा आहे. आज विदिशा, मंदसोर, धार हे वेगळे जिल्हे आहेत, पण भेलसा, म्हणजे आजचं विदिशा, तेव्हा शिंद्यांकडे होतं, बाघच्या लेण्यांचा मुलूखही त्यांचाच, म्हणून तिकडचा दगड इकडे आला. संस्थानानं पुरातत्त्व खातं काढलं, त्याचे प्रमुख मो. बा. गर्दे. महालाचं संग्रहालय केलं तेही त्यांच्याच हाताखाली, १९२० मध्ये, आणि १९२२ मध्ये ते लोकांना खुलं झालं. लश्करातल्या मराठी घरांत शिंद्यांच्या समाधीवरच्या छत्र्या आणि पंडितांची गाणी यांचं कौतुक पुष्कळ चालतं. या गर्द्यांचं नाव मात्र मी तरी कुणाच्या बैठकीत ऐकलेलं नाही.

पवाया हेही गर्द्यांचंच काम. डबऱ्याच्या पुढे, सिंध आणि पार्वती या नद्या जिथं मिळतात तिथं हे खेडं आहे. एके काळी ती पद्मावती होती, नाग राजांची राजधानी. समुद्रगुप्तानं ज्या गणपतिनागाला हरवल्याचं अलाहाबादच्या स्तंभावर कोरलंय, तो याच नाग घराण्याचा म्हणतात. भवभूतीनं 'मालतीमाधव'चा सगळा खेळ पद्मावतीतच मांडलाय. तिथल्या टेकाडाखाली विटांचं मोठं चढत्या टप्प्यांचं देवालय सापडलं, आणि तिथल्या तोरणाच्या आडव्या तुळईचा एक तुकडा म्हणजे आमची शिळा. गुप्तकाळातली, साधारण पाचव्या शतकातली. याच तुळईवर बळीच्या यज्ञाचाही देखावा कोरलेला आहे. भाचीनं त्याच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही.

मधे नाचणारी बाई. तिच्याभोवती आसनांवर बसलेल्या बायका, प्रत्येकीच्या हाती काहीतरी. सगळा ताफा बायकांचाच. एवढं कुणालाही दिसतं. त्यापुढचं दिसायला वेळ लागतो. दगड झिजलेला, उठाव कमी, आणि समोरून उजेड आला की सगळं सपाट होऊन जातं. फोनचा टॉर्च समोरून मारला तर बोटं आणि वाद्य एकाच रंगाची होतात. आमच्याबरोबरचा कर्मचारी म्हणाला, "सामने से नहीं, बगल से।" भाचीकडे चित्राखाली घ्यायचा पांढरा पुठ्ठा होता. तो त्यानं दाराकडून येणाऱ्या उजेडात तिरका धरला आणि बाजूनं शिळेवर उजेड सोडला. आणि मग उजव्या बाजूच्या बाईच्या मांडीवरच्या पुसट रेषेला कड आली. ती कमान होती. कमानीची वीणा! धनुष्यासारखी वाकलेली मान, खाली पोट, मधल्या जागेत तारा. समुद्रगुप्ताच्या सोन्याच्या नाण्यावर राजा मांडीवर घेऊन वाजवतो तीच जात. आपल्याकडून हे वाद्य जवळजवळ नाहीसं झालं. ब्रह्मदेशात ते राहिलं, आणि आपल्याच मध्य प्रदेशात मंडल्याकडच्या परधानांचा बीन-बाजा त्याच कुळातला. भाचीला हे सगळं पाठ होतं, पण कमान प्रत्यक्ष उमटली तेव्हा ती जमिनीवरच बसली आणि म्हणाली, "मामा, पुठ्ठा हलवू नका म्हणावं त्यांना."

दुसरी तारवाली वेगळी आहे. तिच्या हातात लांब मानेचं, पोट असलेलं वाद्य, गिटार धरावी तसं धरलेलं. म्हणजे एकाच मैफलीत दोन जातींच्या वीणा. बासरी आहे, टाळ आहेत. इथपर्यंत आमचं एकमत होतं.

भाचीच्या वहीची पद्धत मला फार आवडली. प्रत्येक बाईला क्रमांक, आणि पुढे दोन रकाने: 'दिसतं' आणि 'वाटतं'. बासरी 'दिसतं'मध्ये. कमानीची वीणा 'दिसतं'मध्ये, पण तारा किती हे 'वाटतं'मध्ये. ताल धरणारीचा हात कुठे पडतोय हे 'वाटतं'मध्ये. मला हे आधी कंटाळवाणं वाटलं. मग ढोलवालीची पाळी आली आणि आमचं भांडण जुंपलं.

तालवाद्य माझा विषय. नाट्यशास्त्रात पुष्कर वाद्याचे तीन ढोल सांगितलेत: मांडीवर आडवा तो आंकिक, उभा तो ऊर्ध्वक, मिठीत धरल्यासारखा तो आलिंग्य. तबलजीला या तिघांत आपले पूर्वज शोधायची खोड असतेच. उभ्या जोडीतून आपली तबल्याची दायाँ-बायाँ जोडी आली असं म्हणायला कुणाला आवडणार नाही? मी सरळ सांगून टाकलं, "हे बघ, पुष्कर आहे, लिही." भाचीनं पेन खाली ठेवलं. "मामा, ढोल दिसतोय. तोंड किती आणि कुठे, ते दिसत नाहीये. पुष्कर तुला वाटतंय." पुठ्ठा इकडून धरला, तिकडून धरला, ऊन सरकेपर्यंत थांबलो. शेवटी कर्मचाऱ्यानंच विचारलं, "सर, आप तबला बजाते हैं क्या?" आणि भाची हसत सुटली. वहीत 'ढोल' हा शब्द 'दिसतं'मध्ये गेला, माझं पुष्कर 'वाटतं'मध्ये.

त्यानंतर बाघच्या प्रती. धार जिल्ह्यातल्या बाघच्या लेण्यांतली भित्तिचित्रं १९२१ मध्ये ग्वाल्हेर दरबारानं चित्रकार बोलावून उतरवून घेतली. त्यांत नंदलाल बोस, असित हालदार, सुरेंद्रनाथ कर होते. त्या प्रती इथं आहेत. चौथ्या लेण्यातला रासासारखा नाच: मधे नाचणारा, भोवती बायकांचं कडं, कुणाच्या हातात टिपऱ्या, कुणाकडे टाळ, कुणाकडे ढोल. रंग असल्यामुळे पवायापेक्षा इथं सगळं झटकन कळतं, आणि म्हणूनच भाची सावध झाली. ही प्रत आहे. मूळ भिंतीवरचा जो भाग पुसट होता तिथं कुंचल्यानं थोडं जुळवूनही घेतलं असेल. तिनं वहीत बाघसाठी तिसरा रकाना पाडला, 'प्रतीत दिसतं'. एम. ए.च्या पोरीनं इतकं ताणावं का, असं मनात आलं खरं. पण आमच्या घराण्यांत गुरूकडून आलेली बंदीश चौथ्या पिढीत काय होऊन बसते, ते मी रोज ऐकतो. मी गप्प बसलो.

शालभंजिका, म्हणजे झाडाखालच्या स्त्रीची ती प्रसिद्ध मूर्ती, बघितली, अर्थात. ग्यारसपूरची, दहाव्या शतकाच्या आसपासची, हातपाय गेलेले आणि हसू शाबूत. तिच्यासमोर नेहमी गर्दी असते, ती योग्यच आहे, तिच्याबद्दल माझ्याकडे नवीन सांगण्यासारखं काही नाही. मला जास्त खिळवलं ते पवायाच्याच मणिभद्र यक्षानं. थोराड, ढेरपोट्या, अंगावर ठसठशीत दागिना. बैठकीवर ब्राह्मीत लेख, शिवनंदी नावाच्या राजाच्या काळचा, आणि मूर्ती बसवली ती एका गोष्ठीनं, म्हणजे मंडळींनी मिळून. दोन हजार वर्षांपूर्वीची वर्गणी! आमच्या गणेशोत्सवाच्या खजिनदाराला हे दाखवायला हवं.

भाचीला तिथंच विचारायचं राहिलेलं मी बाहेर पडताना विचारलं: ज्या महालात तू ही वाद्यं मोजलीस, तो कुणाचा? मानसिंह तोमरानं तो आपल्या गुजर राणीसाठी, मृगनयनीसाठी बांधला, पंधराव्या शतकाच्या अखेरीस की सोळाव्याच्या सुरुवातीला. ध्रुपदाला दरबारात मान दिला तो याच राजानं. गुजरी तोडीचं नाव या राणीवरून पडलं असं आमच्याकडे सांगतात. ती लगेच म्हणाली, "हे 'वाटतं'मध्ये." एवढ्यात ती पक्की तयार झाली होती. तिथून तानसेनची समाधी जवळच, हजीऱ्यालाच, तेव्हा रिक्षा तिकडे वळवली. चिंचेचं पान चावून गळा सुधारतो म्हणतात, तेही तिनं चावलं आणि तोंड वाकडं केलं.

प्रबंधिकेचा तो भाग तिच्या मार्गदर्शकांनी तपासून परत पाठवला. कमानीच्या वीणेवर त्यांनी एकही खूण केलेली नाही. ढोलवालीपुढे मात्र लाल शाईत लिहिलंय: 'पुष्कराचा विचार केला आहे का?' मी तिला फोनवर म्हटलं, बघ, तुझे सर माझ्याच बाजूचे. ती म्हणते, सरही तबलाच वाजवतात.