बाबांचे पाय आणि भजनी ठेका

बाबा हॉलमधून बरे चालत येतात आणि स्वयंपाकघराच्या दाराशी आले की पाय जमिनीला चिकटतात. अंग पुढे झुकतं, टाचा उचलल्या जातात, पण पाऊल काही पडत नाही. आई मागून "अहो, चला ना" म्हणते, त्याने आणखीच बिघडतं.

पार्किन्सन्समध्ये हे असं होतं. मेंदूत डोपामिन तयार करणाऱ्या पेशी कमी होत जातात आणि चालण्यासारख्या, एरवी आपोआप होणाऱ्या हालचालींना आतून मिळणारा ठोका हुकायला लागतो. तोच ठोका बाहेरून, कानावाटे दिला की बऱ्याच जणांची पावलं सुधारतात. १९९६ साली अमेरिकेत मायकेल थाउट आणि सहकाऱ्यांनी रुग्णांकडून तीन आठवडे घरच्या घरी तालावर चालण्याचा सराव करून घेतला, तेव्हा त्यांचा वेग सरासरी २५ टक्क्यांनी वाढला होता. तालाशिवाय तोच सराव करणाऱ्यांचा वाढला जेमतेम ७ टक्के.

आमच्या फिजिओथेरपिस्ट मॅडमनी म्हणूनच मोबाइलवर मेट्रोनोम, म्हणजे एकसारख्या लयीत टकटक करणारं ॲप, लावायला सांगितला. बाबांनी तो मिनिटभर ऐकला आणि म्हणाले, "नळ गळतोय वाटतं कुठेतरी." तरुणपणी गावच्या भजनी मंडळात मृदंग वाजवलेला माणूस, त्याला ही टकटक कशी रुचावी?

मग तबल्याचं ॲप घेतलं. आधी दादरा लावला. पाय गडबडले. बाबांनीच कारण सांगितलं: सहा मात्रा, जोर पहिल्या आणि चौथ्या मात्रेवर, म्हणजे एकदा उजव्या पायावर आणि एकदा डाव्यावर. "हा झुलायचा ताल गं, चालायचा नव्हे." भजनी ठेका लावला, आठ मात्रांचा, तेव्हा गाडी रुळावर आली. लय मात्र नीट धरावी लागते. त्यांची नेहमीची पावलं मिनिटाला नव्वदच्या आसपास, म्हणून मी ठेका पंच्याण्णववर ठेवते. एकदा उत्साहाने एकशेवीस केला, तर पावलं आखूड होऊन ते पुढे पळायलाच लागले. हाताला धरून थांबवावं लागलं.

आता दाराशी अडले की ते स्वतःच तोंडाने ठेका धरतात. समेवर उजवा पाय, आणि पलीकडे.

उजव्या हाताची थरथर टेबलावर तबल्याचे बोल वाजवताना थांबते, ती संगीताची किमया म्हणून आई सगळ्यांना सांगते. खरं तर ही थरथर हात स्वस्थ असताना जास्त असते आणि कामाला लागला की कमी होते. भाजी निवडतानाही थांबते. पण भाजी निवडून बाबांचा चेहरा असा खुलत नाही, हेही तितकंच खरं.

संध्याकाळी ते नाट्यसंगीत ऐकतात. पायांना त्याचा काडीचा उपयोग नाही. ताना ऐकताना मध्येच उठले तर हमखास अडकतात. पण दुपारभर अबोल असलेला माणूस त्यानंतर जेवताना दोन गोष्टी सांगतो, म्हणून तो तास आम्ही कुणी हलवत नाही.

गोळीचा असर उतरत आला की ठेकाही फारसा चालत नाही. तेव्हा आम्ही बसूनच राहतो. आणि रस्त्यावर इअरफोन अजिबात नाही. मोबाइल माझ्या हातात, आवाज मोठा, मागून रिक्षाचा हॉर्न ऐकू आला पाहिजे. सोसायटीतले लोक बघतात. बघू देत.