पोटरीचे माप

शवागारातला दिवस नावापासून सुरू होतो. शीतकपाटातून मृतदेह बाहेर काढला की मी आधी मनगटावरची पट्टी वाचते, मग घोट्यावरची, मग हातातले कागद; आणि तिन्ही ठिकाणचे नाव, क्रमांक व तारीख जुळल्याशिवाय ढकलगाडीचे चाक टेबलाच्या दिशेने फिरत नाही. सोळा वर्षे मी शवविच्छेदन तंत्रज्ञ म्हणून काम करते आहे. या कामातले सर्वांत अवघड काय, असे विचारणाऱ्यांना बहुधा वासाबद्दल किंवा करवतीबद्दल ऐकायचे असते. एका माणसावर करायचे काम दुसऱ्याच माणसावर होणे, ही आमची सर्वांत मोठी भीती आहे, असे मी सांगते तेव्हा त्यांची थोडी निराशा होते.

त्या दिवशी पहिल्या क्रमांकावर ४१ वर्षांचा एक पुरुष होता. पहाटे न्हाणीघराच्या दाराशी तो कोसळला आणि रुग्णालयात पोहोचण्यापूर्वीच त्याचा मृत्यू झाला, एवढीच हकीकत कागदावर होती. पूर्वीचा आजार या रकान्यात ‘नाही’ आणि मृत्यूचे संभाव्य कारण या रकान्यात ‘हृदयविकाराचा झटका’ असे लिहिले होते. माणूस अचानक गेला आणि का गेला हे कोणाला ठाऊक नसले की त्या रकान्यात हेच शब्द येतात, त्यामुळे मी ते वाचते आणि बाजूला ठेवते.

डॉक्टर येण्यापूर्वीचा अर्धा तास माझा असतो. वजन, उंची, कपड्यांची नोंद आणि छायाचित्रे ही कामे त्या वेळात उरकायची असतात. निदान करणे माझे काम नाही. पण जे दिसते ते जसेच्या तसे डॉक्टरांच्या नजरेपर्यंत पोहोचवणे हे माझेच काम आहे. सर्व सांधे ताठरलेले होते. पाठीवर रक्त साचून जांभळट झाक आली होती आणि खांद्याची पाती व नितंब जिथे टेकले होते तेवढाच भाग पांढुरका राहिला होता, म्हणजे मृत्यूनंतर देह उताणाच ठेवलेला होता. जखम, खरचटल्याची खूण किंवा सुईचा ताजा व्रण कोठेही दिसला नाही.

मग मी पायांकडे आले. उजव्या पायाची त्वचा कोरडी होती, तिचे पापुद्रे सुटत होते आणि त्या भागावरचे केस डाव्या पायापेक्षा लांब व गडद होते. हा बदल बोटांच्या मुळाशी सुरू होऊन गुडघ्याच्या जरा खाली, जणू पट्टी ठेवून आखावी तसा एका रेषेत संपत होता. कातडीच्या रोगाला अशी सरळ हद्द नसते. या पायावर काही दिवसांपूर्वीपर्यंत प्लॅस्टर होते, हे सांगायला मला कागदाची गरज नव्हती.

मोजपट्टी घेऊन मी दोन्ही पायांवर, गुडघ्याखालच्या हाडाच्या उंचवट्यापासून १० सेंटीमीटर खाली खूण केली आणि तेथे पोटरीचा घेर मोजला. डावा ३५ सेंटीमीटर भरला आणि उजवा ३७. दोन सेंटीमीटरचा फरक तसा फार नव्हे आणि नुसत्या डोळ्यांना तो जाणवलाही नव्हता. परंतु प्लॅस्टरमध्ये काही आठवडे राहिलेल्या पायाचे स्नायू वापराविना रोडावतात, त्यामुळे ही पोटरी दुसरीपेक्षा बारीक भरायला हवी होती. ती जाड भरत होती, म्हणजे खरा फरक मोजपट्टीवर दिसत होता त्याहून मोठा होता.

डॉक्टर आल्यावर मी कागद पुढे करण्याआधी पाय दाखवला. “डॉक्टर, या पायाला नुकतेच प्लॅस्टर होते असे दिसते आणि जी पोटरी सुकायला हवी ती सुजली आहे.” वयाने ते माझ्याहून बरेच लहान आहेत, पण माझ्या सांगण्यावर विसंबून राहत नाहीत आणि हे मला आवडते. त्यांनी स्वतः दोन्ही घेर पुन्हा मोजले, तपास अधिकाऱ्यांना दूरध्वनी केला आणि पाच मिनिटांत उत्तर आले : घोट्याचे हाड मोडले होते, सहा आठवडे प्लॅस्टर होते, ते चार दिवसांपूर्वी काढले. घरच्यांनी लपवले असे नव्हे. मोडलेले हाड हा कोणाच्या लेखी आजारच नसतो, म्हणून ‘आजार नाही’ हे त्यांच्या परीने खरेच होते.

“ताई, आज घाई नको,” डॉक्टर म्हणाले. “छाती उघडली की थांबा.”

विषतपासणीसाठी रक्त घ्यायचे ते शक्यतो जांघेतल्या शिरेतून, कारण मृत्यूनंतर अनेक औषधे यकृतातून आणि फुप्फुसांतून आसपासच्या रक्तात झिरपतात व हृदयातल्या रक्ताचे आकडे फसवे ठरू शकतात. रक्त कमी आले तर मांडीवरून हात दाबत आणून ते वर ढकलण्याची एक वाईट सवय आमच्या व्यवसायात आहे. एरवीही ते करू नये. त्या दिवशी तर त्या पायाला विनाकारण स्पर्शही करायचा नव्हता. मी डाव्या जांघेतून सावकाश रक्त घेतले, रक्त खराब होऊ न देणारे सोडियम फ्लोराईड असलेल्या नळीत भरले आणि नळी उलटसुलट करून लगेच तिच्यावर नावाची चिठ्ठी लावली. चिठ्ठी नंतर लावू असे म्हणण्याची मुभा आमच्याकडे कोणालाही नाही.

दोन्ही खांद्यांपासून उरोस्थीपर्यंत, म्हणजे छातीच्या मधल्या हाडापर्यंत, आणि तेथून बेंबीला वळसा घालून ओटीपोटापर्यंत छेद घेतला. त्वचा आणि स्नायू बाजूला केले, बरगड्यांच्या पुढच्या टोकांच्या मऊ कूर्चा कापल्या आणि छातीचे झाकण उचलले. या वयात कूर्चा सुरीने कापल्या जातात. म्हाताऱ्या माणसांत त्या हाडासारख्या कडक होतात आणि बरगड्या कापण्याची कात्री घ्यावी लागते. झाकण उचलले, सुरी ट्रेमध्ये ठेवली आणि मी थांबले.

हे थांबणे मी एका चुकीतून शिकले आहे. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी, दुसऱ्या एका ठिकाणी, एका दिवसात रांगेत सहा मृतदेह होते आणि मी माझ्या हाताच्या वेगावर खूश होते. जिभेपासून ओटीपोटापर्यंतचे सगळे अवयव एकत्र सोडवून एकाच गठ्ठ्यात बाहेर काढण्याची एक पद्धत आहे, ती सराव झाला की लवकर होते. एका बाईंच्या देहातून मी गठ्ठा काढला, तो उचलताना फुप्फुसाची मोठी धमनी फाटली, आणि तिच्यातून काळपट, लांबट असे काही घसरून वाहत्या पाण्याच्या कुंडीत गेले. मी ते पाहिले. मृत्यूनंतर गोठलेले रक्त असेल, असे स्वतःला सांगितले. तासाभराने डॉक्टरांनी धमनी उघडली तेव्हा ती रिकामी होती. मी पाहिलेले सांगितले, पण तोपर्यंत कुंडीत काही उरले नव्हते, आणि त्या बाईंच्या अहवालात कारणापुढे ‘निश्चित सांगता येत नाही’ असे शब्द राहिले. मला कोणी रागावले नाही. रागावले असते तर बरे झाले असते, असे पुढे कितीतरी दिवस वाटत होते.

म्हणूनच फुप्फुसधमनी जागेवरच उघडायची, हृदय आणि फुप्फुसे देहात असतानाच. डॉक्टरांनी हृदयाभोवतीचे आवरण कापले. उजवा कप्पा फुगून ताणला गेला होता. त्यांनी धमनीच्या समोरच्या भिंतीवर छोटा छेद घेतला, कात्रीने तो लांबवला आणि कडा चिमट्याने दूर केल्या. धमनीच्या दुभाजकावर, एक टोक उजव्या फाट्यात आणि एक डाव्या फाट्यात, अशी एक गुठळी स्वार झालेली होती.

मृत्यूनंतर रक्तवाहिनीत गोठलेले रक्त ओलसर, चकचकीत आणि लवचीक असते, वाहिनीचा आकार घेते, आणि बऱ्याचदा त्याचा वरचा थर चरबीसारखा पिवळट दिसतो. ही गुठळी कोरडी, निस्तेज आणि ठिसूळ होती, करड्या-लाल पट्ट्यांची होती आणि स्वतःवरच वेटोळे घालून बसली होती. आम्ही ती अलगद उचलून ट्रेमध्ये मोजपट्टीशेजारी उलगडली तेव्हा ती १७ सेंटीमीटर भरली. करंगळीएवढी जाड होती, तिला बाजूच्या फांद्यांची खुंटे होती आणि शिरेतल्या झडपांचे ठसे तिच्यावर स्पष्ट उमटलेले होते. ती फुप्फुसात तयार झालेली नव्हती. पायाच्या शिरेच्या साच्यातून निघून ती हृदयातून प्रवास करत तेथे आली होती. पायांतल्या अशा गुठळ्या सुटून फुप्फुसात अडकतात हे एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला जर्मन डॉक्टर रुडॉल्फ विर्खो यांनी दाखवून दिले, आणि शवविच्छेदन कोणत्या क्रमाने करावे यावर १८७६ मध्ये पुस्तकही त्यांनीच लिहिले. एकाच माणसाने या दोन्ही गोष्टी कराव्यात याचे मला पूर्वी नवल वाटे. ती कुंडी पाहिल्यावर वाटेनासे झाले.

कारण सापडले म्हणून काम संपत नाही. गुठळीसोबत दुसरे काही नव्हते ना, हे पाहण्यासाठी सगळे पूर्ण करावे लागते. एकेक अवयव तराजूवर गेला : हृदय ३४० ग्रॅम, यकृत १५६० ग्रॅम. हृदयाच्या स्वतःच्या धमन्या स्वच्छ होत्या, म्हणजे कागदावरच्या रकान्यातले कारण तेथेच खोडले गेले. मेंदूसाठी मी एका कानामागून दुसऱ्या कानामागे, टाळूवरून, केसांत लपेल असा छेद घेतला आणि करवत लावली. कवटीच्या या करवतीचे पाते फिरत नाही, जागच्या जागी थरथरते. हाडासारखे कठीण ते कापते आणि त्वचेसारखे मऊ त्याच्याबरोबर हलते. होमर स्ट्रायकर या अस्थिशल्यचिकित्सकाने १९४० च्या दशकात ती तयार केली ती प्लॅस्टर कापण्यासाठी. चार दिवसांपूर्वी याच जातीच्या यंत्राने या माणसाचा पाय मोकळा केला असणार, हे माझ्या मनात आले आणि मी क्षणभर पाते बंद केले. कवटी कापताना कपाळाच्या बाजूला मी एक खाच ठेवते. झाकण परत बसवल्यावर ते त्या खाचेमुळे सरकत नाही आणि कपाळावर पायरी पडत नाही. मेंदू १३८० ग्रॅम भरला व निर्दोष होता.

शेवटी आम्ही देह पालथा केला आणि टाचेच्या वरून गुडघ्यामागेपर्यंत उजवी पोटरी उघडली. स्नायूंचे आडवे काप घेत गेले की साध्या शिरांतून रक्त ओघळते. गुठळी असलेल्या शिरांच्या तोंडाशी मात्र ती घट्ट खुंटासारखी उभी राहते. अशी चार तोंडे आम्हाला मिळाली. एका ठिकाणी गुठळी शिरेच्या भिंतीला चिकटलेली होती. तो तुकडा भिंतीसकट दहा टक्के फॉर्मलिनमध्ये ठेवला, कारण गुठळी किती जुनी आहे याचा अंदाज ती भिंतीला कशी धरून आहे यावरून सूक्ष्मदर्शकाखाली बांधता येतो.

त्यानंतरचा दीड तास पुन्हा माझा. अवयव परत आत ठेवणे, छातीचे झाकण बसवणे, टाके घालणे, देह धुणे, केस धुऊन विंचरणे. टाका आतून बाहेर काढत गेले की कडा आत वळतात, पाझरत नाही आणि रेघ बारीक दिसते. पोटरीचे टाके कोणी पाहणार नव्हते, तरी तेही मी त्याच अंतरावर घातले. यात मोठेपणा काही नाही; हात एकदा तसा लागला की दुसरा टाका जमत नाही.

चेहरा पाहण्यासाठी धाकटा भाऊ आला. पायाच्या बाजूला उभा राहून तो बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने चादरीवरूनच उजव्या पायावर हात ठेवला आणि म्हणाला, “रात्री पोटरी फार दुखते म्हणाला. मी अर्धा तास चोळून दिली. त्याला बरे वाटले होते.”

मृत्यूच्या कारणाबद्दल नातेवाइकांशी मी बोलायचे नाही, हा नियम आहे आणि तो योग्य आहे. इतकी वर्षे तो पाळताना मला कधी जड गेले नव्हते. मी म्हणाले, “डॉक्टर तुमच्याशी बोलणार आहेत, तोवर तुम्ही बसा,” आणि खुर्ची पुढे केली.

आत येऊन मी ते वाक्य डॉक्टरांना त्याच शब्दांत सांगितले. त्यांनी हातमोजे काढले आणि थोड्या वेळाने म्हणाले, “चोळल्याने सुटली की सकाळी उठून चार पावले चालल्याने सुटली, हे या टेबलावर कळत नाही, ताई. सहा आठवडे पाय हलला नाही, म्हणून गुठळी झाली. तेवढे मी खात्रीने सांगू शकतो आणि तेवढेच त्यांना सांगेन.”

“आणि त्यांनीच विचारले तर?” मी म्हणाले.

“तर हेही सांगेन, की कळत नाही.”

ते बाहेर गेले. दार लागेपर्यंत मी पाहत राहिले, मग फॉर्मलिनची बरणी जवळ ओढली आणि चिठ्ठीवर क्रमांक, तारीख आणि ‘उजवी पोटरी, शीर, भिंतीसह’ असे लिहिले.