रंकाळ्याचा गाळ, फेरी सहावी: मेम्ब्रेनखाली धुकं आलं!

रंकाळा तलावाच्या गाळातून स्पायरोकीट, म्हणजे बारीक पीळदार जिवाणू, वेगळी काढायचा माझा खटाटोप चालू आहे. काल संध्याकाळी प्लेट दिव्यासमोर तिरकी धरली आणि ओरडलेच. आगरच्या (जिवाणू वाढवायच्या जेलीच्या) वर काही नाही, पण तिच्या पोटात पुसट धुकं पसरलेलं. वायरलूप फिरवला तरी काही चिकटेना. स्पायरोकीट अशीच वाढतात. त्यांच्या कशाभिका (पोहायच्या शेपट्या) बाहेर न लोंबता आवरणाच्या आत असतात, त्यामुळे अख्खं शरीर मळसूत्रासारखं फिरत आगरमध्ये घुसतं.

आधीच्या पाच फेऱ्यांत तेच रडगाणं होतं. ०.४५ मायक्रॉन छिद्रांचं मेम्ब्रेन (गाळणीचा पातळ पडदा, ज्यातून सडपातळ स्पायरोकीटच खाली उतरावीत) आगरवर, मधोमध गाळाच्या पाण्याचा थेंब, सकाळी मेम्ब्रेन उचलायचं, आणि दोन दिवसांनी खाली दांडुक्या जिवाणूंचा चिकट, हिरवट थर. मी छिद्रांना दोष देत होते, ०.२२ ची खोकी मागवणारच होते. मग चौथ्या प्लेटचा फोटो पुन्हा पाहिला. वसाहती मधोमध नव्हत्याच! सगळ्या मेम्ब्रेनच्या कडेला, चंद्रकोरीसारख्या. म्हणजे छिद्रातून कुणी आलंच नव्हतं. कोल्हापूरच्या पावसाळ्यात प्लेटा वाळत नाहीत, झाकणाला घाम सुटतो, आगरवर पाण्याचा पापुद्रा राहतो. थेंब पसरून कडेपर्यंत गेला की पोहणारे सगळे त्या पाण्यातून आरामात मेम्ब्रेनखाली.

या वेळी प्लेटा दोन दिवस उलट्या ठेवून वाळवल्या. थेंब ५० मायक्रोलिटरऐवजी १० चा. मेम्ब्रेन एका बाजूने हळूहळू टेकवत नेलं, बुडबुडा राहू दिला नाही. चिमटा सपाट टोकाचाच हवा; टोकदार चिमट्याने माझी दोन मेम्ब्रेन फाटली. आणि सुटी मेम्ब्रेन घेऊ नका, एकेका निर्जंतुक पाकिटातलीच घ्या. महाग पडतात, पण शंका राहत नाही.

धुक्यातला कण स्लाइडवर घेतला. साध्या उजेडात काहीच नाही. सूक्ष्मदर्शकाच्या कंडेन्सरखाली (उजेड एकवटणाऱ्या भिंगाखाली) काळ्या कागदाची चकती सरकवली, तर अंधारात चांदीची बारीक तार पीळ घेत पुढे, थांबून तशीच मागे. पाऊण तास हललेच नाही.

आता धुक्याच्या बाहेरच्या कडेचा आगरचा तुकडा कापून नव्या प्लेटवर नेणार होते. पण लिहिता लिहिता सुचलं: स्पायरोकीटांवर रिफॅम्पिसिन हे प्रतिजैविक चालत नाही, बाकीच्या बहुतेक जिवाणूंवर चालतं. कॉलेजच्या फ्रिजमध्ये थोडं आहे. निम्म्या प्लेटांत ते घालून बघते, तुकडा त्यानंतर.

गाळ हाताळताना हातमोजे घालाच. लेप्टोस्पायरा (लेप्टोस्पायरोसिसचा स्पायरोकीट) ०.२२ मधूनही निसटतो. त्याला साखर नको, लांब साखळीची मेदाम्लं लागतात, म्हणून माझ्या प्लेटवर तो वाढणार नाही. पण गाळलेल्या पाण्यात असू शकतो.